स्वयंपाकघरातल्या कपाटांचा जुना रंग: किती काढायचा आणि कसा

नवा रंग लाकडाला चिकटत नाही. तो चिकटतो त्याच्या खालच्या थराला, तो थर त्याच्या खालच्याला, आणि अगदी तळाचा थर तेवढा लाकूड धरून असतो. या उतरंडीत जिथली पकड सगळ्यांत कच्ची, तिथूनच सगळं सुटतं. वरचा रंग कितीही उत्तम असो, खालचा पोपडा सुटला की तोही त्याच्यासकट खाली येतो.

कपाटं पुन्हा रंगवायची म्हटलं की लोक दोनपैकी एका टोकाला जातात. काही जण सगळा जुना रंग उघड्या लाकडापर्यंत काढायला बसतात आणि निम्म्या दारांवरच दमून काम टाकून देतात. काही जण वरवर पॉलिश पेपर फिरवून रंगाचे दोन हात मारतात, आणि थोड्याच दिवसांत मुठीभोवतीचा रंग नखाने निघायला लागतो. माझ्या मते लाकूड उघडं पाडायचा हट्टच धरू नये. आपल्याला हवा असतो भक्कम पाया. जो जुना रंग घट्ट बसलाय तो तसाच राहू द्या, त्याच्याइतकं चांगलं अस्तर नव्याने लावूनही मिळायचं नाही. जो सुटलाय तो मात्र जराही ठेवू नका. हा फरक कसा ओळखायचा आणि सुटलेला रंग लाकडाला, घराला आणि स्वतःला इजा न करता कसा काढायचा, ते पाहू.

आधी तेल, मग रंग

दिवाणखान्यातलं कपाट आणि स्वयंपाकघरातलं कपाट यांत मोठा फरक तेलाचा. तळताना, परतताना तेलाचे अतिसूक्ष्म थेंब वाफेबरोबर वर जातात आणि आसपासच्या दारांवर बसतात. सुरुवातीला हा थर नुसता ओशट असतो, साध्या साबणाने निघतो. पण बऱ्याच खाद्यतेलांचा हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू संयोग होत राहतो, त्यांचे रेणू एकमेकांत गुंततात आणि ओशट तेलाचं चिवट, पिवळट कवच होतं. जवसाच्या तेलाचा रंग वाळतो तो याच क्रियेने. थोडक्यात, शेगडीच्या वरच्या दारांवर वर्षानुवर्षं एक कच्चं वार्निश चढत असतं, आणि त्यावर कुठलाच रंग नीट बसत नाही.

म्हणून पॉलिश पेपर हातात घेण्याआधी धुणं. हा क्रम उलटा झाला तर घासताना तेल बारीक ओरखड्यांत आणि लाकडाच्या छिद्रांत दाबलं जातं. मग ते बाहेर काढणं फार अवघड. कोमट पाणी आणि भांडी घासायचा पातळ साबण बहुतेक ठिकाणी पुरतो. जिथे तेवढ्याने भागत नाही, तिथे धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवून वापरा. सोडा अल्कधर्मी असल्याने तेलाचा काही भाग साबणात बदलतो आणि तो पाण्याबरोबर निघतो. हातमोजे घाला, आणि नंतर स्वच्छ पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने दोनदा तरी पुसून घ्या. सोड्याचा अंश मागे राहिला तर तो नव्या ऑइल पेंटलाही तसाच खालून मऊ करतो. फडकं ओलं असावं, निथळतं नको. बोर्डाच्या कडांनी पाणी प्यायलं की त्या फुगतात आणि पुन्हा जागेवर बसत नाहीत.

वाळल्यावर बोटाने थोडं पाणी शिंपडून बघा. पाणी पसरलं तर पृष्ठभाग स्वच्छ. थेंब गोळा होऊन उभे राहिले तर अजून तेल, मेण किंवा फर्निचर पॉलिशमधलं सिलिकॉन शिल्लक आहे. सिलिकॉन फारच त्रासदायक. ते राहिलेल्या जागी नवा रंग मागे सरकतो आणि गोल खड्डे पडतात. ते टर्पेंटाइनने भिजवलेल्या फडक्याने पुसावं लागतं, आणि दर वेळी फडक्याची नवी बाजू घ्यावी लागते. एकच बाजू फिरवत राहिलात तर सिलिकॉन निघत नाही, नुसतं इकडचं तिकडे पसरतं.

पकड कशी तपासायची

डोळ्यांना दिसणारे पोपडे, फुगे आणि भेगा कुणालाही कळतात. कठीण असतो तो वरून ठीक दिसणारा, पण आतून सुटलेला रंग. त्यासाठी रंगाच्या कारखान्यांत वापरतात तीच जाळीची चाचणी घरी करता येते. धारदार ब्लेडने रंगावर दोन-दोन मिलिमीटर अंतराने सहा उभे आणि सहा आडवे छेद द्या, म्हणजे छोट्या चौकोनांची जाळी तयार होईल. छेद लाकडापर्यंत पोचला पाहिजे. भुसा ब्रशने झाडा, वर चिकटपट्टी घट्ट दाबून बसवा, नखाने घासून हवा काढा आणि एका झटक्यात मागे ओढा. चौकोन जागच्या जागी राहिले, फार तर छेदांच्या कडांना किंचित कपचे उडाले, तर पकड चांगली. चौकोनच्या चौकोन पट्टीवर आले तर तो रंग काढावाच लागेल.

पट्टीची मागची बाजूही नीट बघा. रंग लाकडापासून सुटलाय की दोन रंगांच्या मधून, हे तिथे कळतं. पट्टीवर फक्त वरचा रंग आला आणि खाली आधीचा रंग शाबूत असेल, तर काढायचा तो वरचाच थर. बहुधा मागच्या खेपेला कुणीतरी तेल न धुता किंवा चकचकीत ऑइल पेंट न घासता वरून रंगवलेलं असतं. हे कळलं की निम्मं काम वाचतं.

एका दारावर एकच चाचणी करून सगळ्या कपाटांचा निकाल लावू नका. सिंकच्या खालची दारं, शेगडीच्या वरची दारं, मुठीभोवतीचा भाग आणि दाराची खालची कड या चार ठिकाणी रंग सगळ्यांत आधी हरतो. सिंकखाली पाणी कडेतून आत शिरतं. मुठीभोवती हाताच्या त्वचेतलं तेल सतत लागत राहतं आणि रंग मऊ पडत जातो. तिथे नख टेकवलं तरी खूण उमटते. चौकट आणि मधली फळी अशा रचनेच्या लाकडी दारांत फळी मुद्दाम सैल बसवलेली असते, कारण हवेतल्या ओलाव्याबरोबर लाकूड रेषांना आडव्या दिशेने फुगतं आणि आकसतं. फळी हलते, वरचा रंग तिच्यासोबत ताणला जात नाही, आणि फळीच्या कडेने सरळ भेग पडते. ती भेग रंगाचा दोष समजून लांबी (पुट्टी) भरून बुजवली, तर पुढच्या ऋतूत ती त्याच जागी परत दिसेल. अशा भेगेतला सुटा रंग तेवढा काढावा आणि फळी मोकळी ठेवावी.

मग प्रश्न येतो: इतकी वर्षं टिकलेला रंग नव्या रंगाखाली का सुटतो? नवा थर वाळताना आकसतो आणि खालच्याला ओढतो. नव्या रंगातलं थिनर जुन्या थरात मुरून त्याला फुगवतं. जेमतेम धरून बसलेल्या जुन्या रंगाला एवढं पुरतं.

जुना रंग कुठल्या जातीचा

रंग कसा काढायचा हे तो कुठला आहे यावर ठरतं, आणि ते ओळखणं सोपं आहे. धुतलेल्या जागेवर स्पिरिटने भिजवलेला कापूस थोडा वेळ घासा. रंग मऊ होऊन कापसावर आला तर तो पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक. काहीच आलं नाही तर बहुधा ऑइल पेंट. फ्रेंच पॉलिशही स्पिरिटने विरघळतं, पण ते पारदर्शक असल्याने गोंधळ होत नाही.

अ‍ॅक्रिलिकमधले प्लास्टिकचे सूक्ष्म कण पाणी उडून गेल्यावर एकमेकांत मिसळतात आणि पापुद्रा तयार होतो. उष्णतेने तो परत मऊ होतो. ऑइल पेंट ऑक्सिजनशी संयोग होऊन कडक होतो, दर वर्षी थोडा अधिक कडक आणि ठिसूळ. त्यामुळे ऑइल पेंट पॉलिश पेपरने छान घासला जातो, त्याची पूड पडते. अ‍ॅक्रिलिक घासताना तापतं आणि कागदातच गोळ्या होऊन बसतं. अ‍ॅक्रिलिकवर तासन्‌तास मशीन चालवून वैतागलेली माणसं मी पाहिली आहेत. तिथे पत्री (रंग खरवडायची पातळ पाती) किंवा रिमूव्हर (रंग सोडवणारं रसायन) हाच मार्ग.

शिसं: इथे घाई नको

हा भाग वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर मुळीच नको.

जुन्या ऑइल पेंटमध्ये शिशाची संयुगं सर्रास असत. पांढऱ्या रंगात शिशाचं कार्बोनेट, पिवळ्या-नारिंगी छटांत शिशाचं क्रोमेट, आणि रंग लवकर वाळावा म्हणून वेगळी शिशाची संयुगं. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. भारतात दशलक्ष भागांत ९० भाग ही कमाल मर्यादा सांगणारे नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. प्रत्येक देशाचं साल वेगळं आहे, म्हणून आपल्या कपाटाचा सगळ्यांत तळाचा थर कधीचा असेल याचा अंदाज आधी घ्या. वरचा थर कालचा असला तरी खालचा चाळीस वर्षांपूर्वीचा असू शकतो.

शिसं धोक्याचं होतं ते धूळ आणि वाफ यांतून. भिंतीवर घट्ट बसलेला रंग स्वतःहून कुणाला इजा करत नाही. तो कोरडा घासला की त्याची बारीक पूड ओट्यावर, फरशीवर, भांड्यांवर बसते, आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातांतून तोंडात जाते. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. रक्तात किती शिसं असलं तर चालतं, अशी सुरक्षित पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते.

शंका असेल तर तपासून घ्या. रंगावर घासून लाल-गुलाबी छटा येते का ते बघण्याचे तपासणी संच मिळतात. ते वापरताना रंगाला तिरका छेद देऊन सगळे थर उघडे पाडावे लागतात, नाहीतर फक्त वरचा थर तपासला जातो. अधिक खात्रीचा मार्ग म्हणजे सगळ्या थरांसह एक कपचा प्रयोगशाळेत पाठवणं.

शिसं निघालं आणि रंग घट्ट असेल, तर सगळ्यांत शहाणपणाचा निर्णय तो न काढण्याचा. ओल्या पॉलिश पेपरने हलकेच खरखरीत करा, पुसा, प्रायमर (नव्या रंगाखालचं अस्तर) लावून बंद करा. फक्त जिथे लाकूड लाकडावर घासतं, म्हणजे ड्रॉवरच्या कडा आणि घट्ट बसणाऱ्या दारांच्या कडा, तिथे रोज थोडी पूड पडतच राहते. तिथला रंग काढणं भाग आहे. तो ओला करून खरवडा किंवा रिमूव्हरने काढा. आग किंवा ज्योत अजिबात नको, साधं सँडिंग मशीनही नको. घरच्या झाडूने झाडू नका आणि साध्या व्हॅक्यूमने ओढू नका. बारीक धूळ त्यातून परत हवेत येते. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, इथे तो बसवलेला व्हॅक्यूमच लागतो. सगळ्याच दारांचा रंग सुटत असेल तर दारं काढून या कामाचं प्रशिक्षण असलेल्या माणसांकडे द्यावीत, हे माझं ठाम मत.

काढायचे चार मार्ग

आधी दारं आणि ड्रॉवर उतरवा. दार जागेवर ठेवून काम करणाऱ्याचा रंग बिजागरीत जातो आणि रिमूव्हर ओघळून कपाटात. प्रत्येक दाराला क्रमांक द्या. तो बिजागरीच्या खोबणीत लिहून वर मास्किंग टेप चिकटवा. दाराच्या पाठीवर लिहिलेला क्रमांक रंगाबरोबर खरवडला जातो आणि शेवटी कुठलं दार कुठे, हे कुणालाच आठवत नाही. रंग चढलेल्या बिजागऱ्या आणि मुठी खरवडत बसू नका. पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही अशा जुन्या भांड्यात पाणी आणि थोडा साबण घालून त्या मंद आचेवर ठेवा. धातू आणि रंग तापून कमी-अधिक प्रसरण पावतात आणि रंग पापुद्र्यासारखा सुटतो.

सुट्या रंगासाठी पहिलं हत्यार पत्री. नवी पत्री घेतली की तिचे दोन्ही कोपरे कानशीने किंचित गोल करा. टोकदार कोपरा लाकडात रुततो आणि ती चर नंतर लांबीनेही नीट लपत नाही. पत्री लाकडाच्या रेषांच्या दिशेने चालवा, आडवी नको. ती धारदार ठेवा. बोथट पत्रीवर माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की हात घसरतो. जो रंग पत्रीला सहज दाद देत नाही तो बहुधा राहण्याच्या लायकीचा असतो, त्याच्याशी झुंजू नका.

दुसरा मार्ग हीट गनचा, म्हणजे कढत हवा फेकणाऱ्या यंत्राचा. भरीव लाकडावरच्या जाड ऑइल पेंटला हिच्याइतकं चांगलं काही नाही. गन पाचेक सेंटिमीटर अंतरावर धरून हळूहळू हलवत राहा. आधी चमक जाते, मग पृष्ठभाग थरथरल्यासारखा होतो, बारीक फुगे येतात आणि रंग वर उचलला जातो. नेमक्या त्याच क्षणी पत्री त्याच्याखाली सरकवायची. जरा उशीर झाला की तो परत थंड होऊन चिकटतो. गन जास्त वेळ ठेवली तर लाकूड करपतं आणि तो काळा डाग हलक्या रंगाखालून दिसतो. गनचं तापमान कमीत कमी ठेवून सुरुवात करा. सुमारे ५९० अंश सेल्सियसच्या वर रंगातल्या शिशाची विषारी वाफ होण्याचा धोका असतो, त्यामुळे शिशाची शंका असेल तिथे जास्त तापमान वर्ज्य. काचेच्या दारांजवळ गन नको, काच तडकते. काम संपल्यावर लाकडाच्या सांध्यांवर हात फिरवून बघा. आत धुमसणारी ठिणगी उशिरा पेट घेते, म्हणून गन बंद केल्यावर लगेच खोली सोडू नका.

तिसरा मार्ग रसायनाचा, आणि कोरीव पट्ट्या, गोलाकार कडा, खोबणी यांच्यासाठी तोच खरा. रिमूव्हर रंग विरघळवत नाही, फुगवतो. त्याचे लहान रेणू रंगाच्या जाळ्यात शिरतात, रंग पसरू पाहतो, पण खाली लाकूड जागचं हलत नाही. मग पकड सुटते आणि पृष्ठभागावर तापलेल्या दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडतात. त्या दिसेपर्यंत वाट बघणं हीच इथली मेहनत. जाड थर एकाच दिशेने थापा, ब्रश पुढे-मागे फिरवू नका. वरचा पापुद्रा मोडला की द्रव उडून जातो. वर प्लास्टिकचा कागद झाकला तर रिमूव्हर ओला राहतो आणि खालच्या थरांपर्यंत पोचतो.

कुठला रिमूव्हर घ्यायचा? पूर्वी डायक्लोरोमिथेनचे रिमूव्हर सर्वत्र होते. काही मिनिटांत रंग सुटायचा. पण हा द्रव सुमारे ४० अंशांनाच उकळतो, त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत खाली साचते, आणि शरीरात गेल्यावर त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बंद न्हाणीघरात काम करताना माणसं मेली आहेत. अमेरिकेने २०१९ मध्ये रंग काढण्यासाठी त्याची सर्वसामान्य ग्राहकांना विक्री बंद केली. युरोपीय संघात ती त्याआधीच बंद होती. कुठे मिळत असला तरी घरात वापरू नका. डब्यावरच्या घटकांत एन-मिथाइल पायरोलिडोन दिसलं तर तेही टाळा, गर्भावर त्याचा वाईट परिणाम होतो. बेंझिल अल्कोहोलचे रिमूव्हर संथ असतात, कधी रात्रभर ठेवावे लागतात, पण स्वयंपाकघरासाठी मी तेच सुचवेन. तरीही खिडक्या उघड्या, शेगडी बंद, डोळ्यांना चष्मा आणि जाड रासायनिक हातमोजे हवेतच. धुळीचा मास्क वाफ अडवत नाही; वाफेसाठी रसायन शोषणाऱ्या वेगळ्या फिल्टरचा मास्क लागतो.

कॉस्टिक सोड्याचे लेपही मिळतात. सोडा तेलाचा साबण करतो त्याच तत्त्वाने ते ऑइल पेंट मोडतात, म्हणून अ‍ॅक्रिलिकवर त्यांचा फारसा उपयोग नाही. टॅनिन (लाकडातलं डाग पाडणारं नैसर्गिक द्रव्य) असलेलं लाकूड त्यांनी काळवंडतं, विनिअर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) सुटतं, अ‍ॅल्युमिनिअम खराब होतं, आणि त्वचा भाजते ते वेगळंच. कपाटांसाठी हे लेप मला पसंत नाहीत.

रिमूव्हरने काढलेल्या लाकडावर लगेच रंगवू नका. पुष्कळ रिमूव्हरमध्ये उडणं कमी व्हावं म्हणून मेण घातलेलं असतं आणि ते लाकडावर राहतं. डब्यावर जे सांगितलं असेल, पाणी किंवा टर्पेंटाइन, त्याने धुवून पूर्ण वाळू द्या. खोबणीत राहिलेला थेंबभर रिमूव्हर आठवड्यानंतरही नवा रंग उचलतो. निघालेला गाळ सिंकमध्ये ओतू नका. उघड्यावर वाळवून घातक कचऱ्याबरोबर द्या.

चौथा मार्ग घासण्याचा. शिसं नाही याची खात्री असेल तरच, आणि तेव्हाही धुळीचा चांगला मास्क लावूनच. पॉलिश पेपरचा आकडा जितका मोठा तितका कागद बारीक. ८० नंबर फक्त भरीव लाकडावरच्या हट्टी रंगासाठी, मग १२०, शेवटी १८० किंवा २२०. मधला नंबर गाळलात तर ८० चे ओरखडे चकचकीत रंगाखालून स्पष्ट दिसतात. रंग घट्ट असेल तर थेट १८० ने चमक घालवा. ओरखडे दिसावेत एवढंच पुरे. पाण्यात मिसळणारा रंग लावणार असाल तर लोखंडी घासणी वापरू नका, तिचे कण लाकडात राहून गंजाचे ठिपके उमटतात.

दार कशाचं आहे ते बघून

वरचे सगळे मार्ग भरीव लाकडाला चालतात, पण आजची फार कमी कपाटं भरीव लाकडाची असतात. दाराची कड किंवा बिजागरीचं भोक बघा, आतला माल तिथे दिसतो.

प्लायवुडवरचं विनिअर बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं. त्यावर मशीन म्हणजे क्षणात आरपार, आणि तो डाग पारदर्शक पॉलिशखाली कधीच लपत नाही. तिथे हाताने, ठोकळ्यावर कागद गुंडाळून घासावं. एमडीएफ म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड; त्याला कडक पृष्ठभाग असतो. तो घासून काढलात की आतला भुसभुशीत भाग रंग पिऊन केसाळ होतो. तिथे फक्त सुटलेला रंग काढा, पाणी आणि उष्णता दोन्ही टाळा. एमडीएफची धूळ फार बारीक असते, मास्क हवाच.

सनमायका किंवा मेलामाइनवर चढवलेला रंग बऱ्याचदा मोठ्या पापुद्र्यांत निघतो, कारण त्या गुळगुळीत पृष्ठभागाला तो मुळात धरलेलाच नसतो. बोथट प्लास्टिकच्या पट्टीने आणि कोमट पाण्याने बरंच काम होतं. हीट गनने खालचा गोंद सुटतो आणि सनमायका फुगतो. पीव्हीसी फॉइल ताणून बसवलेल्या दारांना तर उष्णता लागताच फॉइल आकसून कडेने उचलली जाते. अशा दाराची फॉइलच सुटत असेल तर वरचा रंग काढण्यात अर्थ नाही. फॉइल पूर्ण ओढून काढा आणि खालच्या एमडीएफला अस्तर लावा.

कपाटाच्या आतल्या बाजूंचं काय? तिथला रंग सुटत नसेल तर त्याला हात लावू नका. आत ऊन नाही, हात नाही, तेलही कमी.

प्रायमरआधी

आता काही जागी लाकूड उघडं आहे, काही जागी जुना रंग, आणि दोहोंच्या मधे एक पायरी. ही पायरी नव्या रंगाखाली जशीच्या तशी दिसते, चकचकीत रंगाखाली अधिकच. १२० नंबरने जुन्या रंगाची कड निमुळती करत जा. डोळ्यांवर विसंबू नका. डोळे मिटून बोटाचं टोक आडवं फिरवा. बोट अडखळत नाही तोवर घासायचं. जुना थर फार जाड असेल तर लांबीचा पातळ हात ओढून भरून घ्या आणि वाळल्यावर परत घासा.

ओल्या फडक्याने किंवा रिमूव्हर धुताना लागलेल्या पाण्याने लाकडाचे तंतू उभे राहतात. हात फिरवल्यावर खरखर लागली तर २२० ने एक हलका हात पुरे.

धूळ व्हॅक्यूमने काढा, मग किंचित ओलसर फडक्याने पुसा. टर्पेंटाइनची किंवा तेलकट रंगाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती स्वतःच तापतात आणि पेट घेऊ शकतात. उघडी पसरून बाहेर वाळवा, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

टॅनिन असलेल्या लाकडातून आणि गाठींतून पिवळे-तपकिरी डाग पाण्याच्या प्रायमरमधून वर येतात. तिथे लाखेचा प्रायमर लावावा, तो डाग अडवतो आणि जुन्या ऑइल पेंटलाही धरतो. उरलेल्या मिश्र पृष्ठभागाला, थोडं लाकूड आणि थोडा जुना रंग, दोन्हींवर चालणारा प्रायमर घ्या आणि आधी एकाच दाराला लावा. डब्यावर लिहिलाय तेवढा वेळ वाळू द्या. मग जुन्या रंगावरच्या भागात परत ब्लेडने जाळी कापून चिकटपट्टी ओढा. प्रायमर पट्टीवर आला तर घासणं कमी पडलंय किंवा तेल राहिलंय, तो भाग परत करा. पट्टीवर जुना रंग लाकडापासून सुटून आला, तर त्या दाराचा रंग काढावाच लागणार, आणि बाकीची दारं रंगवण्याआधीच ते कळलेलं बरं.